पाच मैलांच्या आत काय सापडतं?

(नाचणगाव इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

येताना प्रत्येकानं आपल्या अंगणातली किंवा शेतातली मूठभर माती काचेच्या बाटलीत घेऊन या, असं आम्ही कळवलं होतं. अकरा बाटल्या आल्या आहेत. आता त्यात पाणी भरतो, चिमूटभर मीठ टाकतो, खळाखळा हलवतो आणि या टेबलावर ठेवून देतो. त्यांना हात लावू नका. शेवटी त्यांच्याकडे येऊ.

आम्ही दोघं घरबांधणीवरचं लिखाण वाचतो आणि त्याच्यावर लिहितो. गवंडी नाही, इंजिनिअरही नाही. कवितेची समीक्षा असते, कादंबरीची असते, तशी घर बांधायला सांगणाऱ्या पुस्तकांची, माहितीपत्रकांची आणि नियमांचीही व्हायला हवी, एवढाच आमचा आग्रह. कादंबरी फसली तर वाचकाच्या दोन संध्याकाळी वाया जातात. घराचं पुस्तक फसलं तर तीस वर्षं ओल पाहत बसावं लागतं.

आजचा विषय तुमच्याच गावातल्या एका तरुणानं दिला. त्याच्या आजोबांचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, पुढे सपरी. घर खचलंय. बांधायचं आहे, पैसा बेताचा आहे आणि त्याच्या डोक्यात आहे की निसर्गाला धरून बांधावं. त्यानं आम्हाला विचारलं, "माहिती कुठं भेटते?" आम्ही म्हटलं, तुला आत्तापर्यंत काय सापडलं ते दाखव. त्यानं मोबाइल पुढे केला.

त्यात तीन तऱ्हेच्या गोष्टी होत्या. पहिली, व्हिडिओ. मातीचा सुंदर बंगला, कमानी, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या, पुढे आंब्याचं झाड, आणि शहरातली नोकरी सोडून आलेलं जोडपं. घर देखणं असतं, वाद नाही. पण खर्च सांगताना मजुरी धरलीय की नाही, जमीन कशी होती, पहिल्या पावसात काय झालं, हे बहुतेक ठिकाणी गायब. घर झालं त्या दिवशी कॅमेरा आला, तिसऱ्या पावसाळ्यानंतर परत आला नाही. आमच्या लेखी ती परीकथा आहे. 'आणि ते सुखानं नांदू लागले' इथं संपते.

दुसरी तऱ्हा प्रमाणपत्रांची. ही घर बांधणाऱ्यापेक्षा घर विकत घेणाऱ्यासाठी. 'गृह' नावाचं मानांकन आहे, दिल्लीच्या टेरी संस्थेनं तयार केलेलं; केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं ते स्वीकारलं. हैदराबादहून चालणाऱ्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं वेगळं आहे. केंद्राची 'इको निवास संहिता' २०१८ साली आली. भिंतीतून आणि खिडक्यांतून उष्णता किती आत यावी याची मर्यादा तिनं घालून दिली. चांगलं काम आहे, आम्ही त्याची टिंगल करत नाही. नागपूर-पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यानं बिल्डरला जरूर विचारावं की मानांकन नुसतं नकाशाला मिळालंय की बांधून झाल्यावर तपासणी होऊन मिळालंय. दोन्हींत फरक आहे आणि जाहिरातीत तो दिसत नाही. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी लिहिलेली. नाचणगावातल्या गल्लीतलं घर तिच्या नजरेत येतच नाही. विदर्भाचा उन्हाळा काय असतो हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत, त्याच्याशी ती बोलत नाही.

तिसरी गोष्ट घरकुलाची यादी. इथं जरा थांबू, कारण खरं भांडण इथं आहे.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, किमान २५ चौरस मीटर जागा. तिच्या नियमपुस्तिकेत पक्क्या घराची व्याख्या वाचा. नेहमीची झीज आणि ऊन-पाऊस सोसून, बेताची देखभाल केली तर किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं घर. काय सुंदर व्याख्या आहे! सिमेंटचं नावही नाही. तुमच्या आजोबांची घरं साठ-साठ वर्षं उभी आहेत, या व्याख्येत ती दोनदा पक्की ठरतात.

आता हीच योजना कोणाला घरकुल द्यायचं हे ठरवते तेव्हाची यादी वाचा. मातीची भिंत, कच्च्या विटेची भिंत: कच्ची. हातानं घडवलेलं कवेलू: कच्चं. यंत्रातून निघालेलं कवेलू: पक्कं. आणि टिनाचा पत्रा? जनगणनेच्या हिशेबात पक्का. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टिनाखाली कोण बसलंय? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! तुम्ही पक्क्या छताखाली बसला होता. आणि शेजारी कवेलूखाली जी म्हातारी दुपारी झोपली होती ती कच्च्या.

आम्ही याला शब्दाचा प्रश्न म्हणतो. 'कच्चा' हा शब्द मराठीत कैरीला लागतो, धाग्याला लागतो, हिशेबाला लागतो. कच्चं म्हणजे अजून व्हायचंय ते. मातीच्या घराला कच्चं म्हटलं की ते कितीही जुनं असो, त्याचं व्हायचं बाकी राहतं. सिमेंट लागेल तेव्हाच ते होणार. एका विशेषणानं एवढं काम केलंय. गंमत म्हणजे त्याच मंत्रालयानं आयआयटी दिल्ली आणि युएनडीपी यांच्याबरोबर 'पहल' नावाचा संग्रह काढला. प्रकृती, हुनर, लोकविद्या ही त्याची अक्षरं. वेगवेगळ्या राज्यांतल्या हवामानाला, मातीला आणि तिथल्या कारागिरीला धरून घरांचे नमुने, मातीचे, बांबूचे, दगडाचे. म्हणजे सरकारच्या एका हाताला कळलेलं आहे. पण घरकुलाचा हप्ता निघतो तो टप्प्याटप्प्याच्या फोटोवर, आणि फोटो काढणाऱ्याला, मंजूर करणाऱ्याला, गवंड्याला, सगळ्यांना ओळखीचं चित्र एकच आहे. त्या चित्रात न बसणारं घर बांधून हप्ता अडकवून घ्यायची हिंमत गरिबानं का करावी? तो संग्रह चांगला आहे, त्याचा वाचक मात्र तिथं ठेवलेलाच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. इथून चाळीसेक किलोमीटरवर सेवाग्राम. पर्यावरणस्नेही घर म्हटलं की जगभरातली माणसं जिथं येतात ती बापूकुटी. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहायला आले. घर गावातल्या सामानाचं, गावातल्या हातांनी केलेलं आणि शंभर रुपयांच्या आत असावं, अशी त्यांची अट सांगितली जाते. खर्च त्याच्या कितीतरी वर गेला, हेही सांगितलं जातं. आम्हाला दुसरी गोष्ट जास्त आवडते. अंदाजपत्रक कोणाचंच पाळलं जात नाही, बापूंचंही नाही.

लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुकार. १९४० च्या दशकात मुंबईत जहाजाची वाट पाहत असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घराचं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर.

आणि १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले, बापूकुटीत बसून राहिले आणि मग त्यांनी भाषण केलं. ते भाषण आजही वाचलं जातं. जोडे काढायची जागा, मधली खोली, पाहुण्याची जागा, आजाऱ्याची जागा, उघडी ओसरी... कुटीतल्या सात तऱ्हेच्या जागा ते मोजतात आणि सामान साठवायचं घर वेगळं, माणूस राहतो ते घर वेगळं, असं मांडतात. फार चांगलं वाचन आहे. घराकडे कवितेसारखं पाहिलेलं. पण आमची तक्रार तिथंच आहे. बापूकुटीवर जे जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक कुटीत बसलेल्या माणसाचं आहे. कुटी सारवणाऱ्या माणसाचं फारसं नाही. रोहिणी लागायच्या आत कवेलू कोण फेरतं, माकडांनी फोडलेलं कवेलू कुठून आणतात, भिंतीला वाळवी लागली की काय करतात, हे आम्ही शोधत राहिलो. आश्रमात देखभाल होते, कारण ती करणारी संस्था मागे आहे. तुमच्या घरामागे कोण आहे?

हे नुसतं दुसऱ्यांना विचारत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका ओळखीच्या घराला सल्ला दिला होता. भिंती मातीच्याच ठेवा, आतून शेणमातीनं सारवा, बाहेरून पांढऱ्या मातीचा हात द्या. मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकलं. दोन वर्षांनी गेलो तर पश्चिमेच्या भिंतीचा पाय पावसानं खाल्लेला, पोपडे पडलेले. आम्ही विचारलं, सारवण का थांबलं? घरातली बाई म्हणाली, "कोन सारवन? मी निंदाले जातो, ढोरं तं इकली, शेन कुठून आनू?"

आमच्या सल्ल्यात ती बाई नव्हती. आम्ही भिंतीची जाडी सांगितली, मातीचं प्रमाण सांगितलं. सारवणाला दर पंधरा दिवसांनी लागणारा तिचा अर्धा दिवस आम्ही धरलाच नव्हता. गोठा रिकामा झालाय हे पाहिलं नव्हतं. आजोबांचं घर स्वस्त होतं असं आपण म्हणतो, तेव्हा आजीची मजुरी शून्य धरलेली असते. तेव्हापासून मातीच्या घरावरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की आम्ही आधी शोधतो: देखभालीचं प्रकरण आहे का, आणि त्यात कोणाचे हात आहेत? नसलं तर पुस्तक अर्धंच आहे, मग चित्रं कितीही देखणी असोत.

आणखी एक गोष्ट या गावात उघड बोलली पाहिजे. एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला मघाशी बाहेर सांगितलं, "तुमी मातीचं सांगता, पन पाव्हने आले तं आदी स्लॅप पाहते. पोराले पोरगी कोन देईन?" यावर हसू नका. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कुडाच्या झोपडीतच ठेवलं गेलं, गावाबाहेर, त्यांना स्लॅब हा मान वाटतो, आणि तो वाटू नये असं सांगायचा अधिकार आम्हाला नाही. मातीच्या घराची हौस बहुतेक त्यालाच परवडते ज्याच्या पक्केपणाबद्दल कोणाला शंका नसते. शहरातले वास्तुकार हे लिहीत नाहीत. लिहायला हवं.

मग करायचं काय? पाच मैलांचा नियम नाचणगावाला लावून पाहू. आठ किलोमीटरच्या आत काय आहे? पुलगाव तर लागूनच आहे. म्हणजे सिमेंटचं दुकान पाच मैलांच्या आत, लोखंड पाच मैलांच्या आत! सिमेंट येतं कुठून, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूरकडच्या कारखान्यांतून वा आणखी लांबून, पण दुकान दारात. सागवान मात्र आठ किलोमीटरच्या आत नाही. मैलांनी मोजायचा नियम १९३६ साली नेमका होता. आज तो दुकानदारानं जिंकलाय. जगाच्या कार्बन डायॉक्साइडमध्ये सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे, म्हणून पोतं जपून वापरायचं हे खरं. पण ते एकदम बंद करा असं आम्ही सांगणार नाही.

आमच्या मते पहिलं साधन कुठल्याच यादीत नाही. ते म्हणजे तुम्ही पाडणार आहात ते घर. त्या तरुणाच्या आजोबांच्या घरात सागाच्या बल्ल्या आहेत, दारं-चौकटी आहेत, जोत्याचा दगड आहे, हजारभर कवेलू आहे. जेसीबी बोलावला की दोन तासांत सगळ्याचा मलबा. गड्यांकडून हातानं उतरवलं तर आठवडा लागतो, पण लाकूड आणि दगड हाती राहतो. भिंतीची मातीसुद्धा. आपल्या भाषेत गावाला 'पांढरी' म्हणतात आणि शेतीला 'काळी'. व्यवहारात रुजलेले शब्द आहेत हे. गाव वसवताना माणसांनी पाहिलं की काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर भिंत धरत नाही. घराला पांढरी लागते. पिढ्यांनी पारखलेली ती माती तुमच्या पडक्या भिंतीत तयार आहे. भिजवली की पुन्हा कामाला येते.

काळीवर घर असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. यात काटकसर करू नका, इथं पैसा घाला. जोतं दगडाचं आणि उंच. पाखं भिंतीच्या चांगलं बाहेर. जिथं पाणी उडतं तिथं, मोरी आणि पश्चिमेची बाजू, मातीचा हट्ट नको. भाजलेली किंवा राखेची वीट लावा. कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख विदर्भाला काही कमी नाही. आतल्या भिंती मातीच्या ठेवता येतात.

आणि ज्याला स्लॅबच हवा आहे त्यानंही बेकरांकडे जावं. त्यांच्या पुस्तिका हातानं लिहिलेल्या, हातानं चितारलेल्या, गवंड्याला अक्षर न वाचता चित्रावरून कळाव्यात अशा. आम्ही वाचलेल्या सगळ्या सामग्रीत हीच एक अशी, जिनं वाचक म्हणून गवंड्याला धरलंय. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची 'रॅट ट्रॅप' बांधणी त्यांनी रूढ केली. विटा साधारण पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. दुसरं, स्लॅबच्या पोटात मंगलोरी कवेलू बसवायचं, म्हणजे तेवढं काँक्रीट वाचतं. पाव्हण्यांना स्लॅब दिसतो, पोटात कवेलू असतं. पण एक सावधगिरी: बेकरांचा मुलूख केरळ, तिथली जमीन जांभ्याची. पायाचं आणि मातीच्या भिंतीचं त्यांचं प्रकरण काळ्या मातीवर जसंच्या तसं उचलू नका. वरचा भाग घ्या, खालचा नको.

जिल्ह्यातच बघायची जागा म्हणजे वर्ध्याजवळ दत्तपूर. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र. तिथं मातीच्या इमारती वापरात आहेत, आणि कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकीत एक अडकवून उभारलेलं कमानीचं छत आहे. लोखंड नाही, लाकूड नाही. हे पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि फोटोवरून तर मुळीच नाही. आमचा समीक्षक म्हणून शेरा एवढाच की अशी विद्या हातातून हातात जाते, कागदावर कमी येते. म्हणून ती मोबाइलवर शोधणाऱ्याला सापडत नाही. तिथं जाताना एकटे जाऊ नका. तुमचा गवंडी बरोबर न्या, त्याचा त्या दिवसाचा रोज तुम्ही द्या. तुम्ही पाहून आलात आणि तो नाही आला, तर घर त्याच्याच सवयीचं होणार.

बाटल्यांकडे येऊ आता. पाऊण तास झाला. तळाशी जो थर बसलाय ती वाळू, ती पहिल्या मिनिटातच बसली. त्याच्या वर मऊ थर, तो गाळ. आणि वर जे गढूळ अजून तरंगतंय ती चिकणमाती. या कडेच्या चार बाटल्या बघा, अजून चहासारख्या आहेत. या शेतातल्या, काळीच्या. यांची भिंत करू नका, वाळू मिसळल्याशिवाय तर नाहीच. ही तिसरी कोणाची? जुन्या घराच्या भिंतीतली? बघा, तळाला अर्ध्याहून जास्त वाळू आणि वरचं पाणी निवळत आलंय. ही ठेवा. उद्या सकाळपर्यंत हलवू नका, मग पट्टीनं थर मोजा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. त्या तरुणाचा गवंडी इथं मागे बसलाय. दत्तपूरला येत्या रविवारी जायचं ठरलंय, दोन जागा रिकाम्या आहेत.